खोबरेल तेलातली कुर्ली

माझ्यामुळे एका मुलीचं इंजिनिअर होणं राहून गेलं, आणि त्यात खोबरेल तेलाचा वाटा फक्त निम्मा आहे. उरलेला निम्मा माझ्या प्रामाणिकपणाचा.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. साळवी सर. (मुलं पाठीमागे वेगळं नाव घेत, ते इथे छापण्यासारखं नाही.) आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत मोठा झाला होता. त्याने एक भलंमोठं खोकं पाठवलं. आत छोट्या मोटारी, प्लास्टिकची दातेरी चाकं, वायरी, बॅटऱ्या, पट्ट्या. मुलांनी यंत्रमानव बनवावेत, स्पर्धांना जावं, अशी त्याची इच्छा. सोबत एकच अट होती : क्लबात निम्म्या मुली हव्यात.

मुख्याध्यापकांनी ती अट दोनदा वाचली.

"साळवी, मुली काय करणार यात?"

"मुलगे जे करतील ते, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं, नावं घाला. उद्घाटनाला रांगोळी लागेलच."

मी हसलो. वरिष्ठांच्या विनोदाला हसायची मला सवय होती. पण मनात एक तत्त्वनिष्ठ ज्योत वगैरे पेटली होती. रत्नागिरीच्या मुलींना यंत्रयुगात नेऊन सोडायचं, असं मी सायकलवरून घरी जाताना ठरवून टाकलं. मुलींना विचारायचं मात्र राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात विचारलं. मुलग्यांच्या बाजूला हातांचं शेत उगवलं. मुलींच्या बाजूला शांतता. मी स्त्रीशक्तीवर पाच-सात मिनिटं बोललो. शांतता आणखी गडद झाली. शेवटी तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, स्क्रूड्रायव्हर आमच्या हातात मिळणार, का मुलगे काम करताना आम्ही डबा धरून उभं राहायचं?"

ही नाझनीन. राजिवड्याची. वडील इस्माईलभाई जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरातला मिक्सर हिने सहावीत असताना खोलला होता आणि परत जोडलाही होता. (जोडल्यावर तो जास्त जोरात फिरायला लागला, त्यामुळे आईने तो वापरणं सोडलं.)

"हातात मिळणार," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

मुलगे दोनच घेतले तरी एका मुलीने निम्मा क्लब होत नाही, म्हणून संध्याकाळी मी घरातलीच दुसरी मुलगी पकडली. केतकी, माझी एकुलती एक, त्याच वर्गात.

"बाबा, मला गॅदरिंगच्या नाटकात काम मिळालंय."

"नाटक पुढच्या वर्षी."

"त्यात मी राणी आहे."

"राणी पुढच्या वर्षीही असेल."

अशा रीतीने स्त्रीमुक्तीचं काम मी माझ्याच मुलीवर जबरदस्ती करून सुरू केलं.

सुरुवातीला खोकं मुलग्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी महिनाभरात एक यंत्र बनवलं. ते स्वतःभोवती गरगर फिरायचं आणि थांबवायला कोणी गेलं की पायाच्या घोट्याला चावायचं. उरलेसुरले सुटे भाग मुलींकडे आले. त्या दोघी प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत बसून ते जोडत. मी मार्गदर्शक होतो. म्हणजे मी दाराशी उभा राहून "असं करून बघा" म्हणायचो, आणि नाझनीन "ते करून झालं, सर" म्हणायची.

दिवाळीनंतर त्यांचं यंत्र चालायला लागलं. पुढे दोन नांग्या, जमिनीवरचे टेबलटेनिसचे चेंडू उचलायच्या आणि मागच्या टोपलीत टाकायच्या. चाल थोडी तिरकी. म्हणून नाव ठेवलं कुर्ली. आपल्याकडे खेकडीला म्हणतात तेच. गॅदरिंगच्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर मुलग्यांचं यंत्र आणि कुर्ली अशी झुंज लागली. मुलग्यांच्या यंत्राने मुख्याध्यापकांचा घोटा धरला. कुर्लीने सगळे चेंडू उचलले. कोल्हापूरला एका कॉलेजात जानेवारीत विभागीय स्पर्धा होती, तिला मुली जाणार हे त्या घोट्याने ठरवलं.

स्पर्धेच्या आठवड्यात इस्माईलभाई सुट्टीवर आले होते. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. उंच, सावळा, सावकाश बोलणारा माणूस. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा दिला.

"सर, पोरगी म्हणते दहावीनंतर डिप्लोमाला जायचं. मशीनचा."

"जाऊ द्या की, इस्माईलभाई. हात आहे तिच्या बोटांत." (मला 'जादू' म्हणायचं होतं. भारावलो की माझे शब्द हुकतात.)

"तसं घरचे सगळेच म्हणतात. आमच्यात पोरीला शिकवायला कोन नाय म्हनत नाय. पन मशीनच्या कॉलेजात शंभर पोरगे आनि ही एकटी. बी.कॉम. केलंन तर बरोबर चुलतबहिणी आहेत. मी पुढच्या आठवड्यात जहाजावर जानार. त्याआधी एकदा डोळ्यांनी बघतो. कोल्हापूरला येऊ का तुमच्यासंगती?"

"या ना."

"बघतो आनि ठरवतो. एकदा ठरवलं की मी परत फिरवत नाय. जहाजावरून फोन करून पोरीचं आयुष्य ठरवायला मला जमत नाय."

नाझनीन अंगणात उभी होती. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. मी तिला नजरेनेच धीर दिला. मी आहे ना, अशा अर्थाची नजर. आज ती नजर आठवली की मला अंग चोरून बसावंसं वाटतं.

आदल्या दिवशी मुलींनी कुर्ली आमच्या घरी आणून ठेवली, कारण पहाटेची एसटी पकडायची होती. गेल्या वर्षीची आंब्याची रिकामी पेटी, आत पेंढा, पेंढ्यात कुर्ली. नाझनीन जाताना मला म्हणाली, "सर, आता हिला कोणी हात लावायचा नाही. सगळं बसलंय."

केतकी म्हणाली, "तुम्हाला म्हणतेय ती, बाबा."

"मी कशाला लावू?" मी दुखावून म्हणालो.

त्या दोघी देवळाकडे फिरायला गेल्या आणि मी पेटी उघडली.

फक्त बघायला. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. आमच्या घरात खोबरेल तेल हे द्रव्य नसून उपाय आहे. दार करकरलं, खोबरेल. शिलाईचं मशीन अडलं, खोबरेल. कापलं, भाजलं, कान दुखला, सायकलची साखळी गंजली, झोप येईना, खोबरेल. घरच्या नारळांचं खोबरं घाण्यावर नेऊन काढलेलं, वासाने शेजारच्यांना भूक लागेल असं तेल. मी कुर्लीची बॅटरी जोडून पाहिली. ती चालली. पण चाकं फिरताना कुरर्र असा बारीक आवाज येत होता. मला तो आवाज यंत्राचं दुखणं वाटला.

"सुनंदा, तेलाची बाटली कुठंय?"

"खिडकीत. कशाला?"

"थेंबभर."

"मुलींनी हात लावू नका सांगितलंय ना?"

"हात लावतच नाही. बाटलीनेच सोडतो."

बाटली दिवसभर उन्हात होती, तेल पाण्यासारखं पातळ. मी डाव्या गिअरमध्ये थेंबभर सोडलं. मग उजव्याचा अपमान नको म्हणून उजव्यात. मग नांग्यांच्या सांध्यांत. आवाज थांबला. कुर्ली अशी मऊ चालायला लागली की मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. (फिरवलाही. मग तो पुसला.) पेटी बंद केली आणि एका शिक्षकाने आपलं कर्तव्य गुपचूप पार पाडल्याच्या समाधानात मी जेवायला बसलो.

वाचकांपैकी जे पहाटे थंडीत अंघोळीला गेले आहेत आणि बाटलीतलं तेल चमच्याने कोरून काढलं आहे, त्यांना पुढचं कळलं असेल. मलाही कळायला हवं होतं. द्रवाचं स्थायूत रूपांतर शिकवताना मी दरवर्षी हेच उदाहरण देतो. दरवर्षी बाटलीही वर्गात नेतो.

पहाटे आम्ही पाच जण एसटीत बसलो. दोघी मुली, इस्माईलभाई, मी आणि सुनंदा. (मुलींबरोबर बाईमाणूस हवं होतं. शाळेतल्या बाईंना नेमका त्याच दिवशी ताप येणार होता, तसं त्यांनी चार दिवस आधीच कळवलं होतं.) पेटी मांडीवर घ्यावी असं नाझनीनचं म्हणणं. मी म्हणालो, गर्दीत चेपेल, टपावर ठेवू. कंडक्टरकडून टपावर बांधून घेतली. आंबा घाट चढताना खिडकीतून असा वारा यायला लागला की सुनंदाने डोक्यावरून शाल घेतली आणि इस्माईलभाईंनी कानाला रुमाल बांधला. टपावर काय चाललं असेल, हा विचार एकाही पदवीधराच्या मनात आला नाही. बसमध्ये पदवीधर मी एकटाच होतो.

कोल्हापूरच्या त्या कॉलेजचा हॉल मोठा आणि गारठलेला. मुख्य परीक्षक मफलर गुंडाळलेले एक प्राध्यापक होते. त्यांनी सुरुवातीला माईकवरून नियम वाचले. प्रत्येक संघाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरणार. यंत्र पूर्ण विद्यार्थ्यांच्या हातचं हवं, शिक्षकाने किंवा पालकाने त्यात काही केल्याचं आढळलं तर संघ बाद. मी मान डोलावली. फार योग्य नियम, असं शेजारच्या शिक्षकाला म्हणालोही.

सबंध हॉलमध्ये मुली इन मिन दोनच. केतकी आणि नाझनीन, शाळेचा गणवेश, घट्ट तेल लावून घातलेल्या दोन दोन वेण्या. त्यांनी कुर्ली आखलेल्या चौकोनात ठेवली. नाझनीनने बटण दाबलं.

कुर्लीने "उं" असा आवाज केला. म्हातारं माणूस खुर्चीतून उठायच्या आधी करतं तसा. आणि बसूनच राहिली.

परत बटण. परत "उं".

मफलरवाले खाली वाकले. चाकांजवळ नाक नेलं. मग बोट लावून पांढरं काहीतरी काढलं आणि बोटं चोळली.

"खोबरेल तेल हाय की हे. गोठलंय पार." त्यांनी वर पाहिलं, मुलींच्या वेण्यांकडे. "काय गं पोरींनो, केसांचे हात मशीनला लावलेत व्हय?"

हॉलभर हशा पिकला. मागून कोणी तरी म्हणालं, "रोबोटची पन वेणी घाला की." पुन्हा हशा.

नाझनीनने कुर्ली उचलली. केतकीने मात्र वळून सरळ माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला वासाची ओळख पटायला वेळ लागत नाही.

बाहेर उन्हात त्या दोघींनी कुर्ली पायरीवर ठेवली. मी मागोमाग गेलो.

"बाबा, कधी घातलंत?"

"काल. थेंबभर."

"थेंबभर? हिच्यात वडे तळता येतील."

"मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना की चूक माझी..."

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

नाझनीनने स्क्रूड्रायव्हर काढला. तिचा आवाज अगदी शांत होता. "सर, दुसरी फेरी तासाभराने आहे. गरम पाण्यात गिअर धुतले की झालं. चहावाल्याकडे पाणी आहे. तुम्ही काही करू नका. कोणाला काही सांगू नका."

"पण ते तुम्हाला हसले."

"हसू देत. तुम्ही चहा प्या."

"नाझनीन, मला वाटतं..."

"सर, चहा प्या."

इतकी स्पष्ट सूचना मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. इस्माईलभाई थोडे लांब, खांबाला टेकून उभे होते. लेकीने चहावाल्याकडून पातेलंभर उकळतं पाणी मागितलं, साबणाची पूड मागितली, दातेरी चाकं एकेक करून सोडवून त्यात टाकली, ते सगळं ते बघत होते. मदतीला एक पाऊलही पुढे आले नाहीत. त्यांना नियम कळला होता.

मी चहा घेतला. सुनंदा शेजारी बसली होती, घावणे आणि चटणीचा डबा उघडून.

"खा," ती म्हणाली. "आणि गप्प बसा."

तास संपत आला तरी माझा चहा निम्माच झाला होता. इथे जर मी पूर्ण चहा प्यायलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण बाजूच्या बाकावर दोन शिक्षक बसले होते. एक दुसऱ्याला सांगत होता, "म्हणून मी मुली घेत नाही. नटणं-थटणं आलं, तेल-पावडर आली." दुसरा म्हणाला, "आणि पुन्हा रडतात."

माझा घावणा हातातच राहिला. मला लहानपणापासून हा त्रास आहे. चूक केली की ती सांगून टाकेपर्यंत मला अन्न जात नाही. सांगितल्यावर मला फार हलकं वाटतं. समोरच्याला कसं वाटतं, इकडे माझं तेव्हा लक्ष नसतं.

"कुठं निघालात?" सुनंदाने विचारलं.

"आलोच."

"अहो, चहा."

मी सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी गेलो. "सर, मला एक कबुली द्यायची आहे."

मफलरवाल्यांनी वर पाहिलं. हुशार माणूस. क्षणात त्यांना सगळं कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे वो सर. दुसरी फेरी हाय की. पोरी करत्यात काय तरी बाहेर. जावा, चहा घ्या."

तेही चहाच म्हणाले! त्या दिवशी सगळं जग मला चहा प्यायला सांगत होतं.

"नाही सर," मी म्हणालो, "बदनामी सर्वांसमक्ष झाली, तर खुलासाही सर्वांसमक्ष व्हायला हवा." आणि मी टेबलावरचा माईक उचलला.

तो माईक चालू होता. हॉल गप्प झाला. समोर दोनेकशे माणसं. मी शिक्षक आहे, समोर माणसं आणि हातात माईक आला की मला प्रस्तावनेशिवाय सुरू करता येत नाही. मी सत्याच्या महत्त्वापासून सुरुवात केली. मग कोकणातल्या नारळाच्या उपयोगांकडे वळलो. मग तेलाचा गोठणबिंदू समजावून सांगितला, कारण विषय निघालाच होता. मग म्हणालो, की ज्या मुलींना तुम्ही हसलात त्या निर्दोष आहेत, तेल त्यांच्या वेणीचं नाही, ते या पापी हातांनी काल संध्याकाळी घातलं. (पापी हात मी वर करून दाखवले. दोन्ही. एकात माईक होता, त्यामुळे दुसऱ्यांदा सांगावं लागलं.)

आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

आधी दोन-चार, मग सगळा हॉल. या कोल्हापूरकरांचं मन किती मोठं, असं मला वाटलं. मी हात जोडले. टाळ्या वाढल्या. कोणी शिट्टीही मारली. मी म्हणालो, "मित्रहो, मी या कौतुकाला पात्र नाही." टाळ्या आणखी वाढल्या. मग मी आवाज चढवून शेवटचं वाक्य टाकलं : "नियमाप्रमाणे जी शिक्षा असेल, ती द्या. मी मागे हटणार नाही."

मफलरवाले माझ्याकडे पाहत नव्हते. कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. मी वळून पाहिलं.

माझ्या पाठीमागे चौकोनात कुर्ली चालत होती. दुसऱ्या फेरीला नाव पुकारलं होतं ते माझ्या भाषणात बुडून गेलं होतं, आणि वेळ मोजणाऱ्याने मुलींना खुणेनेच सुरू करायला सांगितलं होतं. कुर्ली आपल्या तिरक्या चालीने चेंडूपाशी जात होती, नांगीत उचलत होती, मागे टाकत होती. एकही चेंडू सुटत नव्हता. ओलसर हातांची नाझनीन बटणांवर वाकलेली. हॉलच्या दाराशी इस्माईलभाई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं.

शेवटचा चेंडू टोपलीत पडला. हॉल दणाणला. त्या दणदणाटात एका दुसऱ्या शाळेचे शिक्षक उठून परीक्षकांच्या टेबलाशी आले. बाकावर बसले होते त्यांतलेच.

"सर, आत्ताच माईकवरून सांगितलंय त्यांनी. शिक्षकाने हात लावलाय. नियम आहे."

मफलरवाले मला म्हणाले, "बघा. काय करू मी आता?"

"पण तेल तर त्यांनी धुऊन टाकलं, सर. शिक्षा मला द्या ना."

"तुम्हाला कसली देऊ? तुम्ही स्पर्धेत हाय व्हय?"

संघ बाद झाला. माईकवरूनच जाहीर केलं, आणि मला हवं होतं तसं, सर्वांसमक्ष. मुलींचे गुण सगळ्यांत जास्त होते, हे आम्हाला मफलरवाल्यांनी जाताना हळूच सांगितलं. त्याऐवजी त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

केतकी रडली. नाझनीन रडली नाही. तिने कुर्ली पेंढ्यात ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "सर, तुम्ही चहा संपवला का?"

पेला मी तिथेच बाकावर विसरलो होतो.

परतीच्या एसटीत केतकी आईजवळ बसली, नाझनीन खिडकीशी. पेटी या वेळी तिच्या मांडीवर होती. साखरप्याला गाडी थांबली. इस्माईलभाईंनी मला खाली बोलावलं.

"सर, पोरगी पास झाली."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे डिप्लोमाला..."

"थांबा. पोरगी पास झाली. भर हॉलात हसले लोक, तरी हात हालला नाय तिचा. जहाजावर मी असली मानसं शोधतो." त्यांनी खिडकीत बसलेल्या लेकीकडे पाहिलं. "पन मी आज पोरीला बघायला आलो होतो, तसा तुम्हालाही बघायला आलो होतो. मी दर्यावर. हिची आई घरात एकटी. त्या कॉलेजात उद्या कोन काय बोललं, कुठं अडवलं, तर हिच्या बाजूनं उभा राहनारा मानूस इथं पायजे. मी धरून चाललो होतो, साळवी सर हायेत."

"मी आहेच की, इस्माईलभाई. मी तिच्यासाठीच तर उभा राहिलो. खरं बोललो."

"खरं बोललात, नाय कोन म्हनतो? पोरींनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"चहा प्या म्हणून."

"मग प्यायचा होता."

एसटीचा हॉर्न वाजला. मी माफी मागायला सुरुवात केली. ते ऐकून घेत होते, पण कंडक्टरने घंटी मारली आणि ते पायरीवर चढता चढता म्हणाले, "तुम्ही मानूस चांगले आहात, सर. थोडे लबाड असता तरी चाललं असतं."

पुढच्या आठवड्यात ते जहाजावर गेले. जाताना बी.कॉम. ठरवून गेले, आणि फिरवणाऱ्यांतले ते नव्हतेच. मी राजिवड्याला तीनदा गेलो. पहिल्यांदा नाझनीनच्या आईने सरबत दिलं. दुसऱ्यांदाही दिलं. तिसऱ्यांदा नाझनीनच दाराशी आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आलात की आईला वाटतं माझंच काहीतरी चुकलं होतं. नका येऊ."

शाळेत मुख्याध्यापकांनी खोक्याला कुलूप लावलं. "मुली घेतल्या की भानगडी होतात," असं त्यांनी शिक्षकसभेत सांगितलं. मी उठून म्हणालो की भानगड मुलींनी केली नव्हती, मी केली होती. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी, मुली नसत्या तर तुम्ही केली असतीत का?" वर्ष सरताना त्यांनी मला वक्तृत्व स्पर्धांचं काम दिलं. मी माईकवर चांगला बोलतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

केतकी डिप्लोमाला गेली. नाझनीन नाही तर मीही नाही, असं म्हणून ती बरेच दिवस अडून बसली होती. शेवटी नाझनीननेच तिला जाऊन झापलं आणि तिचा फॉर्म स्वतः भरून दिला. जिला राणी व्हायचं होतं ती आज मशीनं बनवते. जिला मशीनं बनवायची होती तिने बी.कॉम. केलं आणि बाजारपेठेतल्या एका पतपेढीत चिकटली. तिथे विजेची बिलं घेतात.

मी बिल भरायला दुसरीकडे जायचो. एकदा तिथलं केंद्र बंद होतं म्हणून नाइलाजाने तिच्या खिडकीशी उभा राहिलो. तिने मला ओळखलं. शिक्का मारायचं यंत्र मधेच अडलं, तिने न बघता त्याला बाजूने एक टिचकी दिली आणि ते चालू झालं. माझा तो जुना त्रास पुन्हा सुरू झाला.

"नाझनीन," मी म्हणालो, "त्या दिवशी कोल्हापूरला मी जे..."

"सर," ती पावती पुढे सरकवत म्हणाली, "मागे रांग आहे."

मी पावती घेतली आणि बाजूला झालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी वेळेवर गप्प बसलो, आणि तेही मागचा माणूस ढकलत होता म्हणून.